ॲक्टिव्ह स्पीकरसाठी ॲम्प्लिफायर आणि डीएसपी कसे निवडावेत

स्पीकरच्या पेटीत साधारणपणे दोन किंवा तीन ड्रायव्हर असतात: खालचे स्वर वाजवणारा वूफर, वरचे स्वर वाजवणारा ट्वीटर आणि रचना तीन भागांची असेल तर त्यांच्यामधला मिडरेंज. सिग्नलची या ड्रायव्हरांमध्ये वाटणी करण्याचे काम क्रॉसओव्हर करतो. पॅसिव्ह स्पीकरमध्ये ही वाटणी ॲम्प्लिफायरच्या नंतर होते, म्हणजे पूर्ण ताकदीचा सिग्नल कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर यांच्या जाळ्यातून जातो आणि मग ड्रायव्हरपर्यंत पोहोचतो. ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये हा क्रम उलटा असतो. सिग्नल लहान असतानाच त्याची वाटणी होते आणि प्रत्येक भाग स्वतंत्र ॲम्प्लिफायरमधून थेट आपल्या ड्रायव्हरला जोडला जातो. पूर्वी ही वाटणी ऑप-ॲम्प नावाच्या छोट्या ॲम्प्लिफायर चिपच्या सर्किटांनी होत असे. आता ती बहुधा डीएसपी, म्हणजे अंकीय स्वरूपातल्या सिग्नलवर गणित करणारा प्रोसेसर, करतो.

या बदलाचा मुख्य लाभ असा की क्रॉसओव्हरला ड्रायव्हरच्या लहरीपणाशी झगडावे लागत नाही. ज्या ड्रायव्हरवर ८ ओहम असे छापलेले असते त्याचे इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या (एसी) प्रवाहाला होणारा विरोध, प्रत्यक्षात वारंवारतेनुसार बदलत राहते. अनुनादाच्या ठिकाणी, म्हणजे ज्या वारंवारतेला ड्रायव्हर स्वतःहूनच जोरात थरथरतो तिथे, ते ३० किंवा ४० ओहमपर्यंत चढू शकते, मग खाली येते आणि ड्रायव्हरमधल्या व्हॉइस कॉइलच्या, म्हणजे पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या, इंडक्टन्समुळे पुन्हा वाढू लागते. पॅसिव्ह क्रॉसओव्हरचे गणित या बदलत्या भाराला धरून करावे लागते आणि व्हॉइस कॉइल तापली की तेही सरकते. ॲक्टिव्ह रचनेत ड्रायव्हरच्या टोकांवरचे व्होल्टेज ॲम्प्लिफायर स्वतः सांभाळतो, त्यामुळे फिल्टर जसा आखला तसाच राहतो.

मात्र ही मोकळीक मिळाली की निवडीची जबाबदारीही वाढते. अनेकजण आधी आवडीचा ॲम्प्लिफायर घेतात, नंतर डीएसपीचा बोर्ड शोधतात आणि शेवटी दोन्ही एकमेकांना जोडतात. माझ्या मते हिशेब नेमका उलट्या दिशेने करायला हवा. ड्रायव्हरला किती व्होल्टेज लागेल, तेवढे देणारा ॲम्प्लिफायर कोणता, त्या ॲम्प्लिफायरला पूर्ण ताकदीसाठी इनपुटला किती सिग्नल लागेल आणि तेवढा सिग्नल कमीत कमी नॉइजसह (नको असलेल्या सळसळीसह) देणारा डीएसपी कोणता, हे प्रश्न याच क्रमाने सोडवले तर दोन्ही निवडी जवळजवळ आपोआप ठरतात. ॲम्प्लिफायर आणि डीएसपी या दोन वेगळ्या खरेद्या नसून एकाच साखळीच्या कड्या आहेत.

वॅटचा हिशेब

ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजला किती आवाज येतो तो आकडा, दिलेली असते, उदाहरणार्थ, २.८३ व्होल्ट दिल्यावर १ मीटरवर ८६ डेसिबल. ८ ओहमच्या ड्रायव्हरला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट, पण ४ ओहमच्या ड्रायव्हरला तेवढेच व्होल्ट म्हणजे २ वॅट, हे दोन ड्रायव्हरांची तुलना करताना विसरू नये. शक्ती दुप्पट केली की आवाजाची पातळी ३ डेसिबलने वाढते आणि दसपट केली की १० डेसिबलने. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे ही घट थोडी कमी असते.

एक उदाहरण घेऊ. साडेसहा इंची वूफर ८६ डेसिबलचा आहे, ट्वीटर ९३ डेसिबलचा आहे, दोन्ही ८ ओहमचे आहेत आणि ऐकण्याची जागा सुमारे ३ मीटरवर आहे. तिथे मोठ्या क्षणांना १०० डेसिबल मिळावेत अशी अपेक्षा आहे. अंतरामुळे होणारी घट, दोन स्पीकर असल्याने होणारी वाढ आणि खोलीचा हातभार मिळून एकूण ६ डेसिबल गमवावे लागतात असे धरले, तर प्रत्येक स्पीकरने १ मीटरवर १०६ डेसिबल द्यायला हवेत. वूफरसाठी ही २० डेसिबलची वाढ आहे, म्हणजे व्होल्टेज दसपट, २८.३ व्होल्ट, आणि शक्ती १०० वॅट. ट्वीटरसाठी मात्र ती १३ डेसिबलचीच आहे, म्हणजे सुमारे १२.६ व्होल्ट आणि २० वॅट. शिवाय संगीतात वरच्या स्वरांची ऊर्जा खालच्या स्वरांपेक्षा सहसा बरीच कमी असते, त्यामुळे प्रत्यक्षात २० वॅटही क्वचितच लागतात. एकाच पेटीतल्या दोन ड्रायव्हरांच्या गरजेत एवढे अंतर असताना दोघांना सारखेच १०० वॅट देण्याची पद्धत का पडली असावी, याचे उत्तर बहुधा सोयीत आहे. ध्वनीच्या दृष्टीने तिचा काही लाभ नाही आणि एक तोटा आहे, तो पुढे येईल.

वूफरच्या बाजूने आणखी एक गोष्ट मोजावी लागते. अरुंद पेटीत बसवलेला ड्रायव्हर वरच्या वारंवारतांचा आवाज पुढच्याच दिशेने फेकतो, पण खालच्या वारंवारता पेटीला वळसा घालून मागेही पसरतात. त्यामुळे समोर ऐकू येणाऱ्या खालच्या भागात जास्तीत जास्त ६ डेसिबलची तूट पडते. पेटीच्या दर्शनी भागाची रुंदी २० सेंटीमीटर असेल तर हा बदल साधारण ६०० हर्ट्झच्या आसपास घडतो. ही तूट डीएसपीने भरून काढता येते, परंतु ६ डेसिबल भरायचे म्हणजे त्या पट्ट्यात चौपट शक्ती. वूफरच्या ॲम्प्लिफायरला हात सैल सोडावा तो याच कारणासाठी.

तरीही वॅट वाढवत गेल्याने बास वाढतच जातो असे नाही, आणि या मुद्द्यावर मला थोडे थांबावेसे वाटते, कारण डीएसपी हाती आल्यावर सर्वाधिक निराशा इथेच पदरी पडते. आवाजाची पातळी तीच ठेवून वारंवारता निम्मी केली तर ड्रायव्हरच्या पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. आपल्या साडेसहा इंची वूफरच्या पडद्याचे परिणामकारक क्षेत्रफळ १३७ चौरस सेंटीमीटर आहे आणि तो दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटरपर्यंत सरळ रेषेत हलू शकतो असे समजू. बंद पेटीत आणि मागे मोठी भिंत धरून हिशेब केला तर ८० हर्ट्झला तो १ मीटरवर सुमारे १०१ डेसिबल देऊ शकतो आणि ४० हर्ट्झला केवळ ८९. ही मर्यादा हवेचे किती आकारमान ढकलता येते याची आहे. तिच्यामागे १०० वॅटचा ॲम्प्लिफायर असो वा ५०० वॅटचा, आकडा बदलत नाही. लिंकविट्झ ट्रान्सफॉर्म या नावाने ओळखला जाणारा फिल्टर बंद पेटीचा बास गणिताने आणखी खाली नेतो, आणि कमी आवाजात ऐकणाऱ्यासाठी तो खरोखरच सुंदर उपाय आहे. मात्र १२ डेसिबल चढवायचे तर सोळापट शक्ती आणि चौपट हालचाल लागते, याचा हिशेब आधी कागदावर करावा. थील-स्मॉल प्राचले, म्हणजे खालच्या स्वरांतले ड्रायव्हरचे वर्तन सांगणारे आकडे, दिलेली असतील तर हा हिशेब ड्रायव्हर विकत घेण्यापूर्वीच करता येतो.

ॲक्टिव्ह रचनेचा एक लाभ वॅटच्या हिशेबात फारसा कोणी धरत नाही. समजा, बासचा सिग्नल २० व्होल्टच्या शिखरापर्यंत जातो आणि त्याच क्षणी वरच्या स्वरांचा सिग्नलही २० व्होल्टच्या शिखरावर आहे. एकाच ॲम्प्लिफायरला या दोन्हींची बेरीज, ४० व्होल्ट, द्यावी लागते आणि ८ ओहमच्या भारावर तेवढे शिखर गाठायला तो १०० वॅटचा असावा लागतो. विभागणी आधीच झालेली असेल तर प्रत्येक ॲम्प्लिफायरला २० व्होल्टचेच शिखर गाठायचे असते आणि २५ वॅटचे दोन ॲम्प्लिफायर ते काम करतात. शिवाय बासच्या एखाद्या जोरकस ठोक्याला वूफरचा ॲम्प्लिफायर क्लिप झालाच, म्हणजे क्षमता संपून लहरीचे शिखर कापले गेलेच, तर त्यातून निर्माण होणारे कर्कश हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर, ट्वीटरपर्यंत पोहोचत नाहीत. वूफर ते स्वतः फारसे वाजवू शकत नाही, म्हणून तो क्षण कानाला कमी खुपतो.

माहितीपत्रकातले वॅट वाचताना त्यापुढची अट अवश्य वाचावी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३२५५ या लोकप्रिय चिपच्या वर्णनात ४ ओहमला ३१५ वॅट हा आकडा ठळकपणे येतो, पण तो १० टक्के डिस्टॉर्शनला, म्हणजे लहरीच्या विकृतीला, मोजलेला आहे. एवढ्या डिस्टॉर्शनला लहर उघडपणे कापलेली असते. स्वच्छ आवाजाची मर्यादा शोधायची तर १ टक्का किंवा त्याहून कमी डिस्टॉर्शनचा आकडा पाहावा. पॉवर सप्लायचे व्होल्टेज ही दुसरी कठोर मर्यादा आहे. ब्रिज पद्धतीने जोडलेला, म्हणजे ड्रायव्हरची दोन्ही टोके विरुद्ध दिशांनी चालवणारा, ॲम्प्लिफायर २४ व्होल्टच्या सप्लायवर चालवला तर ८ ओहमला आदर्श स्थितीतही ३६ वॅटच मिळू शकतात. ४८ व्होल्टवर हाच आकडा १४४ होतो. बोर्डावर छापलेल्या वॅटचा सप्लायशी मेळ बसत नसेल, तर विश्वास सप्लायवर ठेवावा.

क्लास एबी की क्लास डी

या प्रश्नावर जेवढा वाद घातला जातो तेवढा वाव आता त्यात उरलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. क्लास एबीचा पाया असलेल्या क्लास बी रचनेची, जिथे लहरीचे धन आणि ऋण अर्धे भाग वेगवेगळे ट्रान्झिस्टर सांभाळतात, कार्यक्षमता तत्त्वतःही ७८.५ टक्क्यांच्या पुढे जात नाही आणि ती केवळ पूर्ण ताकदीला मिळते. पूर्ण ताकदीच्या एक अष्टमांशावर, म्हणजे १०० वॅटचा ॲम्प्लिफायर १२.५ वॅट देत असताना, ती २८ टक्क्यांवर येते आणि ३२ वॅटहून अधिक उष्णता हीट सिंकवर जाते. क्लास एबीमध्ये सिग्नल नसतानाही वाहणाऱ्या प्रवाहाची भर त्यात पडते. क्लास डी रचनेत ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असतात, काही लाख हर्ट्झच्या वेगाने ते स्थिती बदलतात आणि शेवटी कॉइल व कपॅसिटरचा फिल्टर त्यातून संगीत वेगळे काढतो. मोठ्या ताकदीला अशा ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असते. बंद पेटीच्या आत दोन-तीन ॲम्प्लिफायर बसवायचे असतील तर हा फरक निर्णायक ठरतो.

क्लास डीवर घेतला जाणारा जुना आक्षेप त्या शेवटच्या फिल्टरविषयी आहे. फीडबॅक, म्हणजे चूक सुधारण्यासाठी आउटपुटकडून मागे आणलेला सिग्नल, फिल्टरच्या आधीच्या बिंदूवरून घेतलेला असेल तर वरच्या टोकाचा प्रतिसाद भारानुसार बदलतो: कमी ओहमच्या ड्रायव्हरला तो खाली झुकतो, जास्त ओहमच्या ड्रायव्हरला वर उचलला जातो. चांगल्या रचनांमध्ये फीडबॅक फिल्टरनंतर घेतात आणि मग हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये तर भार कायमचा ठरलेला असतो, त्यामुळे साध्या चिपचा हा झुकाव मोजून डीएसपीने सरळही करता येतो. वूफरच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवतच नाही. म्हणून वूफरला क्लास डी निःशंकपणे घ्यावा, आणि ट्वीटरसाठी ज्याचा नॉइज कमी तो घ्यावा, मग तो कोणत्याही क्लासचा असो. ब्रिज पद्धतीच्या ॲम्प्लिफायरचे कोणतेच आउटपुट टोक ग्राउंड नसते, तेव्हा दोन ड्रायव्हरांची ऋण टोके एकत्र बांधण्याची सवय असलेल्यांनी ती इथे सोडावी. तसे केल्यास ॲम्प्लिफायर बंद पडतो किंवा जळतो.

डॅम्पिंग फॅक्टरच्या, म्हणजे ड्रायव्हरचे इम्पिडन्स आणि ॲम्प्लिफायरचा आउटपुट रोध यांच्या गुणोत्तराच्या, मोठमोठ्या आकड्यांनी प्रभावित होण्याचे कारण नाही. ड्रायव्हरच्या स्वतःच्या कॉइलचा रोधच ५-६ ओहम असताना ॲम्प्लिफायरचा आउटपुट रोध ०.०५ ओहमऐवजी ०.००५ ओहम झाल्याने पडद्याच्या हालचालीवर काहीही परिणाम होत नाही.

सळसळ आणि गेन

पॅसिव्ह स्पीकरमध्ये ट्वीटरच्या आधी बहुधा काही रेझिस्टर असतात. ट्वीटर वूफरपेक्षा जास्त संवेदनशील असल्याने त्याला खाली आणण्यासाठी ते बसवलेले असतात आणि जाता जाता ॲम्प्लिफायरचा नॉइजही तेवढाच खाली आणतात. ॲक्टिव्ह रचनेत हे रेझिस्टर नाहीसे होतात. ट्वीटरची पातळी डीएसपीत कमी केली जाते खरी, पण त्याने फक्त संगीत कमी होते. डीएसपीनंतरचा डॅक, म्हणजे अंकांचे पुन्हा विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करणारा भाग, आणि त्यापुढचा ॲम्प्लिफायर यांचा नॉइज जसाच्या तसा ट्वीटरवर येतो. संगीत थांबल्यावर ऐकू येणारी ती बारीक सळसळ बहुधा इथून आलेली असते, आणि रात्रीच्या शांततेत, टेबलावर ठेवलेल्या स्पीकरमधून ती सतत ऐकावी लागणे हा खरोखरच त्रास आहे.

ती किती असेल हे आधी काढता येते. समजा, डॅक जास्तीत जास्त २ व्होल्ट देतो आणि त्याची डायनॅमिक रेंज, म्हणजे सर्वांत मोठा सिग्नल आणि स्वतःचा नॉइज यांच्यातले अंतर, ९५ डेसिबल आहे. म्हणजे त्याच्या आउटपुटवर सुमारे ३६ मायक्रोव्होल्ट नॉइज कायम असतो. ॲम्प्लिफायरचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो तो आकडा, २६ डेसिबल, म्हणजे वीसपट, असेल तर ट्वीटरवर सुमारे ७१० मायक्रोव्होल्ट येतात. २.८३ व्होल्टच्या तुलनेत हे ७२ डेसिबल खाली आहे. ट्वीटरची सेन्सिटिव्हिटी ९३ डेसिबल असल्याने १ मीटरवर सळसळीची पातळी २१ डेसिबल निघते. खोलीतला पार्श्वभूमीचा आवाज मुख्यतः खालच्या वारंवारतांचा असतो, त्यामुळे वरच्या पट्ट्यातली ही सळसळ शांत खोलीत सहज वेगळी जाणवते. ९३ ऐवजी ११० डेसिबलचा हॉर्न ड्रायव्हर असेल तर हाच आकडा ३८ होतो आणि तो कोणालाही सहन होणार नाही.

आता याच साखळीची दुसरी बाजू पाहू. २ व्होल्ट गुणिले २० म्हणजे ४० व्होल्ट, म्हणजे ८ ओहमला २०० वॅट. आपल्या ट्वीटरला लागतात १२.६ व्होल्ट. १० डेसिबलचा गेन विनाकारण वाहून नेला जात आहे आणि त्याच्याबरोबर १० डेसिबलचा नॉइजही. सर्व ड्रायव्हरांना एकसारखे ॲम्प्लिफायर देण्याचा तोटा असा दिसतो. डॅक आणि ट्वीटरचा ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये दोन रेझिस्टर, उदाहरणार्थ मालिकेत २.२ किलोओहम आणि ग्राउंडकडे १ किलोओहम, बसवले तर सिग्नल १० डेसिबलने खाली येतो. डॅकच्या पूर्ण २ व्होल्टला ट्वीटरवर जवळपास १२.६ व्होल्ट मिळतात आणि डॅकमुळे येणारी सळसळ २१ वरून ११ डेसिबलवर उतरते. डीएसपीत ट्वीटरची पातळी मग तेवढीच वर घ्यायची. इतक्या थोड्या खर्चात इतका ऐकू येणारा फरक पाडणारा दुसरा उपाय या सगळ्या विषयात मला माहीत नाही.

रेझिस्टर ॲम्प्लिफायरच्या आधी असल्याने ॲम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइज मात्र त्यांनी कमी होत नाही. म्हणून ट्वीटरचा ॲम्प्लिफायर निवडताना वॅटच्या आधी आउटपुट नॉइजचा आकडा शोधावा. १०० मायक्रोव्होल्ट असेल तर ९३ डेसिबलच्या ट्वीटरवर ती सळसळ १ मीटरवर ४ डेसिबलच्या आसपास राहते आणि घरगुती वापरात ती जाणवत नाही. ज्या ॲम्प्लिफायरमध्ये गेनच कमी करण्याची सोय असते, तिथे ती आधी वापरावी.

आवाज कमी-जास्त करण्याचे बटण साखळीत कुठे आहे, यावरही बरेच अवलंबून असते. डीएसपीच्या ॲनालॉग इनपुटच्या आधी ते असेल तर हळू ऐकताना डीएसपीला अगदी लहान सिग्नल मिळतो आणि इनपुटच्या नॉइजच्या तुलनेत संगीत दुबळे पडते. शक्य असेल तेव्हा स्रोताकडून अंकीय सिग्नल पूर्ण पातळीवर घ्यावा आणि आवाज डीएसपीच्या आत कमी करावा. यात बिट वाया जातात ही भीती २४ बिटच्या साखळीत अनाठायी आहे: १६ बिटच्या ध्वनिमुद्रणाखाली तिथे आणखी ८ बिट, म्हणजे ४८ डेसिबल, जागा शिल्लक असते.

डीएसपीकडून काय अपेक्षा ठेवावी

चॅनेलची संख्या आधी मोजावी. दोन भागांच्या स्टिरिओ जोडीला चार आउटपुट लागतात, तीन भागांच्या जोडीला सहा, आणि सबवूफर असेल तर त्याचे वेगळे. ॲनालॉग डिव्हायसेसच्या सिग्माडीएसपी मालिकेतल्या चिपवर बेतलेले छोटे बोर्ड, मिनीडीएसपीसारखी तयार उपकरणे, ॲम्प्लिफायर आणि डीएसपी एकत्र असलेली हायपेक्सची प्लेट मॉड्यूल, किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा कॅमिलाडीएसपी हा मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग, यांपैकी कोणताही पर्याय क्रॉसओव्हरचे गणित समर्थपणे करतो. फरक पडतो तो आउटपुटच्या नॉइजमध्ये, इनपुटच्या प्रकारांत आणि वापरण्याच्या सोयीत. हिशेब स्वतः करण्याची तयारी नसलेल्याने एकत्रित मॉड्यूल घ्यावे, कारण गेनचा मेळ तिथे उत्पादकानेच घातलेला असतो.

डीएसपीतला पायाभूत घटक म्हणजे बायक्वाड, पाच गुणकांचा दुसऱ्या क्रमाचा फिल्टर. एखादा उंचवटा खाली दाबणे, बास उचलणे, क्रॉसओव्हरचा उतार घडवणे ही सर्व कामे बायक्वाड एकापुढे एक जोडून होतात. सर्वाधिक वापरला जाणारा क्रॉसओव्हर सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांच्या नावाने ओळखला जातो. ह्युलेट-पॅकार्डमध्ये काम करणाऱ्या लिंकविट्झ यांनी तो १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या चौथ्या क्रमाच्या प्रकारात दर सप्तकाला २४ डेसिबलचा उतार असतो, क्रॉसओव्हरच्या बिंदूवर दोन्ही ड्रायव्हर ६ डेसिबल खाली असतात, दोघांची फेज, म्हणजे लहरींच्या चढउतारांची वेळ, सारखी असते आणि त्यामुळे बेरीज सपाट येते.

इथे एक सार्वत्रिक गैरसमज आहे. सॉफ्टवेअरमध्ये या फिल्टरचे बटण दाबले म्हणजे काम झाले असे नाही, कारण सपाट बेरजेची हमी हवेतून येणाऱ्या प्रत्यक्ष आवाजाच्या उताराला लागू आहे, फिल्टरच्या विद्युत उताराला नव्हे. ट्वीटर आपल्या अनुनादाच्या खाली स्वतःहूनच सप्तकाला १२ डेसिबलने उतरत असतो. त्यावर पुन्हा २४ चा फिल्टर लावला तर प्रत्यक्ष उतार अधिक तीव्र होतो, फेज जुळत नाही आणि क्रॉसओव्हरपाशी खड्डा पडतो. म्हणून आधी ड्रायव्हर त्याच्या पेटीत बसवून मोजावा आणि ड्रायव्हरचा उतार व फिल्टरचा उतार मिळून हवा तो आकार येईल असा फिल्टर आखावा. ॲक्टिव्ह स्पीकर बनवण्यातले खरे कौशल्य इथे आहे.

विलंबाची सोय ही डीएसपीची दुसरी मोठी देणगी. सपाट दर्शनी भागावर बसवलेल्या ट्वीटरचा आवाज वूफरपेक्षा किंचित पुढून निघतो, कारण वूफरचा शंकू आत खोल असतो. हे अंतर २.५ सेंटीमीटर असेल तर २५०० हर्ट्झला, जिथे तरंगलांबी १३.७ सेंटीमीटर असते, त्याने सुमारे ६६ अंशांचा फेजफरक पडतो. ट्वीटरला ७३ मायक्रोसेकंद उशीर केला की दोन्ही जुळतात. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या अंकीय मोजमापांची संख्या, ४८ किलोहर्ट्झ असेल तर एक सॅम्पल २०.८ मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणजे विलंब ७ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी बदलता येतो. ९६ किलोहर्ट्झला ही पायरी निम्मी होते. ९६ किलोहर्ट्झ घेण्याचे हे एक व्यावहारिक कारण आहे. याउलट, फार मोठा सॅम्पल रेट आणि अगदी खालच्या वारंवारतेचा फिल्टर एकत्र आले की गुणकांना जास्त अचूकता लागते, तेव्हा कमी बिटच्या फिक्स्ड-पॉइंट (पूर्णांकांसारखे गणित करणाऱ्या) चिपवर १९२ किलोहर्ट्झचा हट्ट धरू नये.

एफआयआर हा दुसऱ्या जातीचा फिल्टर फेज आणि पातळी स्वतंत्रपणे हाताळू शकतो, म्हणून त्याचे आकर्षण मोठे आहे. पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. ४८ किलोहर्ट्झला १०२४ टॅपचा, म्हणजे तेवढ्या लागोपाठच्या सॅम्पलवर काम करणारा, फिल्टर सुमारे ४७ हर्ट्झपेक्षा बारीक तपशील हाताळू शकत नाही, आणि तो लिनिअर फेजचा, म्हणजे सर्व वारंवारतांना सारखाच उशीर करणारा, असेल तर जवळपास १०.७ मिलिसेकंद उशीर करतो. बासमध्ये ५ हर्ट्झचा तपशील हवा असेल तर ९६०० टॅप आणि १०० मिलिसेकंदांचा उशीर येतो. चित्रपट पाहताना ओठ आणि शब्द यांची फारकत होते आणि वादकाला तर असा स्पीकर वापरताच येत नाही. नेहमीच्या क्रॉसओव्हरने होणारे फेजचे वळण संगीतात बहुतेकांना ऐकूही येत नाही. पहिल्या स्पीकरसाठी बायक्वाड पुरेसे आहेत. त्यावर प्रभुत्व आल्यावरच एफआयआरकडे वळावे असे मी सुचवेन.

जिथे वारंवारता उचलली जाते तिथे जागाही ठेवावी लागते. कुठेतरी ६ डेसिबल वाढवले असतील आणि सिग्नल आधीच पूर्ण पातळीवर असेल, तर तो डीएसपीच्या आत किंवा डॅकपाशी कापला जातो. सुरुवातीलाच एकूण पातळी तेवढ्याने खाली घ्यावी. दुरुस्ती करताना उंचवटे दाबण्यावर भर असावा. पेटीच्या कडांवरून परतणाऱ्या लहरींमुळे पडणारा खड्डा एका दिशेत दिसतो, दुसऱ्या दिशेत नाहीसा होतो. तो भरायला गेले तर बाकीच्या सर्व दिशांना तिथे उंचवटा होतो. म्हणून एकाच बिंदूवरच्या मापनावर विसंबून रेषा सरळ करण्यापेक्षा समोरून आणि बाजूंनी अनेक मापने घ्यावीत आणि सर्वांमध्ये समान दिसणारा दोषच हाताळावा. खोलीत घेतलेल्या मापनातून भिंतींचे परावर्तन वगळण्यासाठी पहिले काही मिलिसेकंदच विचारात घेतात. ५ मिलिसेकंद मिळाले तर २०० हर्ट्झच्या खालचे चित्र त्या मापनातून मिळत नाही आणि वूफर अगदी जवळून वेगळा मोजावा लागतो.

संरक्षण आणि पहिली जोडणी

पॅसिव्ह क्रॉसओव्हरमधला कपॅसिटर ट्वीटरचे नकळत रक्षण करत असतो. ॲक्टिव्ह रचनेत ट्वीटर थेट ॲम्प्लिफायरला जोडलेला असतो, आणि चुकीची फाइल डीएसपीत गेली, आउटपुटची अदलाबदल झाली किंवा सुरू होताना ॲम्प्लिफायरने ठोका दिला, तर नाजूक कॉइल क्षणात जळू शकते. म्हणून ट्वीटरच्या मालिकेत एक चांगला फिल्म कपॅसिटर कायम ठेवणे मी योग्य मानतो. ८ ओहमला ४७ मायक्रोफॅरड घेतला तर त्याची सीमा ४२० हर्ट्झच्या आसपास येते. २५०० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरपासून ती पुरेशी दूर आहे, आणि मापन कपॅसिटरसह केले तर त्याचा उरलासुरला परिणामही फिल्टरमध्ये आपोआप धरला जातो. डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह, मात्र तो पूर्णपणे अडवतो.

वूफरसाठी डीएसपीतला लिमिटर, म्हणजे सिग्नलला ठरलेल्या पातळीपुढे जाऊ न देणारी सोय, वापरावा आणि तो दोन प्रकारांनी लावावा: पडद्याची हालचाल मर्यादेत ठेवण्यासाठी खालच्या पट्ट्यावर झटपट चालणारा आणि कॉइलच्या उष्णतेसाठी सावकाश चालणारा. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. कॉइल १०० अंशांनी तापली तर प्रवाह घटून आवाज जवळपास ३ डेसिबल खाली येतो, आणि तो भरून काढण्यासाठी बटण आणखी फिरवले की कॉइल आणखी तापते. सावकाश चालणारा लिमिटर हे चक्र तोडतो. बास रिफ्लेक्स पेटीत, म्हणजे पोर्ट नावाची नळी असलेल्या पेटीत, पोर्टच्या वारंवारतेखाली पडद्यावर हवेचा धाक उरत नाही, तिथे खालचे स्वर अडवणारा हायपास फिल्टर हवाच.

जोडणी करताना आधी डीएसपी चालू व्हावा, त्याचे आउटपुट स्थिर व्हावे आणि मगच ॲम्प्लिफायर म्यूटमधून बाहेर यावा. बंद करताना हाच क्रम उलटा. ट्वीटर सर्वांत शेवटी जोडावा. त्याआधी त्याच्या जागी एखादा साधा, मोडला तरी चालेल असा ड्रायव्हर लावून अगदी कमी आवाजात ऐकावे: खालचे स्वर आले तर वाट चुकली आहे, फक्त वरचे आले तर बरोबर आहे. मग प्रत्येक ॲम्प्लिफायरच्या टोकांवर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजावे. ते वीस-तीस मिलिव्होल्टच्या आत असेल आणि चालू-बंद करताना ठोका येत नसेल, तर वीज बंद करून ट्वीटर त्याच्या कपॅसिटरसह जोडावा आणि मापनाला सुरुवात करावी.